डिस्क घ्यावी की गाणी उतरवावीत?

गेल्या दिवाळीत माझा मोठा मावसभाऊ अमेरिकेहून आला आणि जाताना त्याचा जुना गेम कन्सोल, प्लास्टिकची एक गिटार आणि चार डिस्क माझ्या गळ्यात मारून गेला. "घरात अडगळ झालीये, तुमच्या हॉस्टेलवर तरी वाजवा." कन्सोल तिकडचा, ११० व्होल्टचा, तेव्हा आधी स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर शोधणे आले. (इमर्शन रॉडचे प्रकरण रेक्टर सर अजून विसरलेले नाहीत, त्यामुळे या वेळी रीतसर परवानगी काढली होती.)

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गिटारच्या मानेवर पाच रंगीत बटणे, खाली तारेच्या जागी एक पट्टी. स्क्रीनवरून रंगीत ठिपके खाली येतात. योग्य बटण दाबून बरोबर वेळी पट्टी हलवायची. चुकलात की गाण्यातली गिटार तेवढी बंद पडते, बाकीचा बँड वाजत राहतो. 'गिटार हीरो' २००५ साली आला, 'रॉक बँड' २००७ साली. आमच्या मजल्यावरचे खरी गिटार वाजवणारे दोघे याला खेळणे म्हणतात आणि स्कोअरमध्ये सपाटून मार खातात.

तर मंडळी, सगळे जोडले, चालू केले, पण दादाने विकत घेतलेली गाणी कुठेच दिसेनात. फोन लावला.

"दादा, गाणी नाहीत रे यात."

"हार्ड डिस्क बसवलीस ना नीट?"

"बसवली. फिरल्याचा आवाजच येत नाहीये."

पुन्हा उतरवायला त्याचे जुने खाते लागणार होते. ते युनिव्हर्सिटीच्या ईमेलवर उघडलेले. तो ईमेल केव्हाच बंद झालेला आणि पासवर्ड दादाला आठवेना. थोडा वेळ गप्प बसून म्हणाला, "शंभरेक गाणी होती. दोनशे डॉलर. एमएस करताना कॅन्टीनमध्ये भांडी विसळून एकेक घेतलं होतं."

डिस्क मात्र बनियनने पुसली, आत सरकवली आणि पहिल्या फटक्यात सुरू झाली.

यावरून आमच्या रूमवर दोन रात्री वाद झाला. (सबमिशन तोंडावर होते हे वेगळे सांगायला नको.) त्या काळात खेळणाऱ्यापुढे दोन वाटा होत्या. एकाच बँडच्या नावाची आख्खी डिस्क घ्या, साधारण ६० डॉलरला; किंवा हवे ते गाणे सुमारे दोन डॉलरला उतरवून घ्या. माझा रूममेट हिशोबी. तो म्हणतो, सुटी गाणीच परवडतात. बघू या.

'द बीटल्स: रॉक बँड' ९ सप्टेंबर २००९ ला आला. डिस्कवर ४५ गाणी, म्हणजे गाण्याला सव्वा डॉलरच्या जरा वर. डिस्क स्वस्त! पण 'गिटार हीरो: मेटालिका' घ्या, तेही २००९ चेच. एकूण ४९ गाणी, त्यातली मेटालिकाची २८; उरलेली २१ पाहुण्या बँडची. ज्याला फक्त मेटालिका हवी त्याला गाणे सव्वादोन डॉलरच्या आसपास पडले, सुट्यापेक्षा महाग. थाळीत नको असलेल्या वाट्या वाढल्या तरी पैसे पूर्ण थाळीचेच. इथे रूममेट जिंकला.

पण हा हिशोब मला अपुरा वाटतो. चुकल्यावर नुसती गिटार बंद पाडायची, तर गिटारचा ट्रॅक वेगळा हवा. आजच्या रेकॉर्डिंगमध्ये तो असतोच. बीटल्सची सुरुवातीची गाणी मात्र दोन किंवा चार ट्रॅकच्या टेपवर झालेली. गिटार आणि ड्रम एकाच ट्रॅकवर घट्ट मिसळलेले. चहातून साखर परत काढण्यासारखेच हे काम. बँडचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांचा मुलगा जाइल्स मार्टिन याने अ‍ॅबी रोड स्टुडिओच्या इंजिनिअरांबरोबर संगणकावर ते पार पाडले. शिवाय तिघांनी तीन सुरांत गाण्याची सोय या गेममध्ये केली. एवढी मेहनत एका सुट्या गाण्याच्या दोन डॉलरसाठी कुणी केली असती असे मला वाटत नाही. आणि तेव्हा बीटल्स आयट्यून्सवरही नव्हते. तिथे ते नोव्हेंबर २०१० मध्ये आले.

आता मीच माझ्या विरुद्ध बोलतो. सप्टेंबर २००८ मध्ये मेटालिकाचा 'डेथ मॅग्नेटिक' अल्बम आला आणि त्याच दिवशी तो 'गिटार हीरो ३' साठी डाउनलोड म्हणूनही मिळू लागला. ऐकणाऱ्यांच्या लक्षात आले की गेममधला आवाज सीडीपेक्षा चांगला आहे! कारण ईएनटीसीवाल्यांना लगेच कळेल. सीडीचा आवाज मोठा करण्याच्या नादात सिग्नल इतका दाबला होता की शिखरेच कापली गेली. ऑप-अँप सॅच्युरेट झाल्यावर सीआरओवर साइन वेव्हचे डोके सपाट होते, अगदी तसे. गेमकडे ट्रॅक सुटे गेले होते, म्हणून ते या दाबातून वाचले. म्हणजे डाउनलोडमध्ये माल कमअस्सल असतो असे मुळीच नाही.

तिसरा मुद्दा, गाणी दुसऱ्या गेममध्ये नेता येतात का. 'ग्रीन डे: रॉक बँड' (२०१०) ची गाणी दहा डॉलर भरून मूळ 'रॉक बँड'मध्ये हलवता येत. एसी/डीसीच्या २००८ च्या १८ गाण्यांच्या डिस्कबरोबर त्यासाठी कोडच मिळे. बीटल्सची गाणी मात्र त्यांच्याच गेममध्ये कोंडलेली. त्याच गेमसाठी 'अ‍ॅबी रोड', 'सार्जंट पेपर' आणि 'रबर सोल' हे अल्बम पूर्ण करणारी गाणी वेगळी विकली गेली, तीही कोंडलेलीच. २०१६ मध्ये ती विक्रीतून गेली. एक्सबॉक्स ३६० चे ऑनलाइन दुकान जुलै २०२४ मध्ये बंद झाले. सर्वांत वाईट गत २०१५ च्या 'गिटार हीरो लाइव्ह'ची. डिस्कवर ४२ गाणी, बाकीची सर्व्हरवरून यायची. १ डिसेंबर २०१८ ला सर्व्हर बंद झाला आणि ४८४ गाण्यांवरून गाडी ४२ वर आली.

माझे मत विचाराल तर बीटल्ससारख्या बँडची डिस्क, बाकीच्यांची सुटी गाणी. एरोस्मिथ, व्हॅन हेलन, मेटालिका, प्रत्येकाची वेगळी डिस्क काढत सुटल्याने लोक कंटाळले असणार. फेब्रुवारी २०११ मध्ये अ‍ॅक्टिव्हिजनने 'गिटार हीरो'चा विभागच बंद केला. रूममेट हे ऐकत नाही. त्याचे म्हणणे, दादाने पासवर्ड वहीत लिहून ठेवला असता तर हा लेखच झाला नसता. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

दादाची बंद हार्ड डिस्क कॉम्प्युटर लॅबच्या सरांना दाखवली. ते म्हणाले, बघतो, पण आशा ठेवू नकोस. दादाला अजून सांगितलेले नाही. आणि परवा बीटल्सच्या डिस्कवर ओरखडा सापडला; एका गाण्यात मध्येच अडकते. रूममेटने टूथपेस्ट सुचवली आहे. ट्यूब त्याची असेल तर माझी हरकत नाही.