विषाचं फिरतं बिऱ्हाड

बेंगळुरूत विमानतळाकडे निघालं की हेब्बाळ लागतं. फ्लायओव्हरवर गाडी अडकते (ती अडकतेच), आणि माणसं तळ्याकडे नाहीतर मोबाइलकडे बघत बसतात. याच बळ्ळारी रोडवर कर्नाटक सरकारची एक जुनी संस्था आहे, 1925 सालची. तिथे जनावरांच्या लसी तयार होतात. त्यातल्या दोन रोगांची नावं आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, तो तोंडपाठ सांगेल : फऱ्या आणि आंत्रविषार. धडधाकट खोंड सकाळी अचानक लंगडायला लागतो, फऱ्यावर सूज येते, ती दाबली की कातडीखाली चरचर असा आवाज येतो आणि एक-दोन दिवसांत दावण रिकामी होते, तो फऱ्या. कोवळा हिरवा चारा भरपेट खाल्लेली, कळपातली सगळ्यात तगडी मेंढी तडफडून मरते, तो आंत्रविषार.

या दोन्ही रोगांमागचे जंतू एकाच खानदानातले, क्लॉस्ट्रिडियम घराण्यातले. माणसाला धनुर्वात देणारा जंतूही त्यातलाच. आणि घराण्याचं नाव सगळ्यात जास्त बदनाम केलं ते क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनमने. त्याचं विष रक्तात गेलं, तर शरीराच्या दर किलोमागे ग्रॅमचा साधारण अब्जावा भाग माणसाला पुरतो. मिठाच्या एका कणाएवढं विष शेकडो माणसांसाठी. यापेक्षा जहाल विष आजवर सापडलेलं नाही!

आता गंमत बघा. या जंतूला हवा सोसत नाही, ऑक्सिजन लागला की तो संपतो. पण दिवस वाईट आले की तो स्वतःला कठीण कवचात बंद करून घेतो, त्याचा बीजाणू होतो. हा बीजाणू तासन्‌तास उकळत्या पाण्यात तग धरतो. म्हणून डबाबंद अन्नाच्या कारखान्यांत डब्याच्या अगदी मध्यापर्यंत 121 अंश उष्णता निदान तीन मिनिटं पोचवतात. आणि त्याचं ते जगप्रसिद्ध विष? ते 85 अंशांवर पाच मिनिटांत निकामी होतं. विष करणारा उकळीला दाद देत नाही, आणि विष मात्र साध्या उकळीने मरतं.

हे विष करतं तरी काय? हात उचलायचा असेल तर मज्जातंतूच्या टोकाशी असलेल्या इवल्या पिशव्या फुटाव्या लागतात आणि त्यातलं रसायन स्नायूवर पडावं लागतं. पिशवी कडेला खेचून आणणारी काही प्रथिनं असतात. बोट्युलिनमचं विष मज्जातंतूत शिरतं आणि त्यातलं एक प्रथिन कापून टाकतं. बस्स, एवढंच. निरोप पोचत नाही. आधी पापण्या जड होतात, मग गिळता येत नाही, शेवटी छातीचे स्नायू थांबतात.

धनुर्वातात नेमकं उलटं दिसतं. जबडा घट्ट मिटतो, पाठ धनुष्यासारखी ताणली जाते. म्हणजे विषही उलटं असणार, असं कुणालाही वाटेल. 1992 मध्ये इटलीतल्या पादुआच्या शास्त्रज्ञांनी तपासून पाहिलं, तर धनुर्वाताचं विष आणि बोट्युलिनमचं बी प्रकारचं विष एकाच प्रथिनाला एकाच जागी कापत होती. नुसतं प्रथिन तेच नाही, त्या प्रथिनातला सांधासुद्धा तोच! मग रोग इतके वेगळे का? फरक प्रवासाचा आहे. बोट्युलिनमचं विष स्नायूपाशीच थांबतं. धनुर्वाताचं विष मज्जातंतूतून वर चढत मज्जारज्जूपर्यंत जातं आणि स्नायूंना ‘आता सैल हो’ असं सांगणाऱ्या पेशींचंच तोंड बंद करतं. काम तेच, पत्ता वेगळा, आणि एक रोगी लुळा पडतो तर दुसरा ताठ होतो.

इथवर हे भाऊबंदकीचं प्रकरण वाटेल. खरा धक्का पुढे आहे, आणि तो आपल्याच देशातला आहे.

सप्टेंबर 1996. गुजरातमधल्या एका निवासी शाळेतली 34 मुलं आजारी पडली. पोटात दुखत होतं, कित्येकांना गिळता येईना. तपासात संशय गेला शेवेवर. बेसनाची, तळणीतून निघालेली शेव! तिच्यात विष करणारा जंतू सापडला खरा, पण तो बोट्युलिनम नव्हताच. तो होता क्लॉस्ट्रिडियम ब्युटिरिकम. खवट लोण्याचा वास ज्या आम्लामुळे येतो ते तयार करणारा, एरवी मातीत आणि माणसांच्या आतड्यात निमूट राहणारा. त्याच्याच एका वाणाच्या गोळ्या जपानमध्ये पोटाच्या तक्रारींसाठी वर्षानुवर्षं घेतल्या जातात. अशा सज्जनाच्या पोटी बोट्युलिनमचं ई प्रकारचं विष आलं कुठून?

त्याने ते जनुक मिळवलं. जंतूंच्या जगात जनुकं फक्त आईकडून लेकीकडे जात नाहीत, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडेही जातात. विषाचं हे जनुक तर बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडतं. ब्युटिरिकममध्ये आणि ई प्रकारच्या बोट्युलिनममध्ये त्याने मुक्काम कुठे ठोकला हे पाहिलं, तर दोन्हीकडे जागा तीच निघाली, यजमानाच्या एका कामाच्या जनुकाच्या मधोमध. म्हणजे ते जनुक तुटलं, यजमानाचं नुकसान झालं. पण थांबा, या पाहुण्याच्या सामानात त्याच जनुकाची एक धड प्रतही होती! तुमचं मोडलं, हे घ्या नवं.

काही प्रकारांत तर विषाचं जनुक जंतूचंही नसतं. सी आणि डी प्रकारांत ते जंतूच्या आत राहणाऱ्या विषाणूवर असतं. 1974 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी सी प्रकारच्या जंतूतून हा विषाणू काढून टाकला, दुसऱ्या जंतूकडचा विषाणू आत सोडला, आणि बोट्युलिनमचा चक्क क्लॉस्ट्रिडियम नोव्ही झाला. जातच बदलली!

मग बोट्युलिनम म्हणजे नक्की कोण? प्रामाणिक उत्तर असं की बोट्युलिनम ही एक जात नाहीच. हे विष करतो तो बोट्युलिनम, असं 1950 च्या दशकात ठरवून टाकलं आणि एकमेकांशी दूरचं नातं असलेले निदान चार गट एका नावाखाली कोंबले गेले. यातल्या एका गटाचा सख्खा भाऊ आहे क्लॉस्ट्रिडियम स्पोरोजेनिस, ज्याच्याकडे सहसा हे विष नसतं. डबाबंद अन्नाची प्रक्रिया पुरेशी आहे का, हे तपासायला कारखानदार भावाच्या जागी त्यालाच वापरतात. नाव बदलायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे. पण या नावाची दहशत एवढी की ते बदलायला डॉक्टर धजावत नाहीत, आणि त्यांचंही खरं आहे.

हे विष मुळात आपल्यासाठी घडलंय का, हीसुद्धा शंकाच आहे. 2019 मध्ये मलेशियातल्या एका जंतूत याच कुळातलं विष सापडलं. ते मारतं कुणाला? मलेरिया पसरवणाऱ्या ॲनोफिलीस डासाला. म्हणजे कुणाला लक्ष्य करायचं हेही या कुळात बदलत आलंय. आपण वाटेत आलो, इतकंच. आणि तिरळेपणासाठी ॲलन स्कॉट या डॉक्टरने वापरायला सुरुवात केलेलं तेच विष आज बेंगळुरूच्या क्लिनिकांत सुरकुत्या घालवायला टोचतात, तो आपला उलटा डाव.

बोट्युलिनमचे बीजाणू मातीत सगळीकडे असतात, धुळीबरोबर आपल्या पोटातही जातात आणि काही न करता निघून जातात, कारण मोठ्यांच्या आतड्यात इतर जंतूंची दाटी असते. तान्ह्या बाळाच्या आतड्यात ती अजून जमलेली नसते. तिथे बीजाणू रुजतो आणि आतच विष करायला लागतो. हा आजार 1976 मध्ये कॅलिफोर्नियात ओळखला गेला. हे बीजाणू मधात असू शकतात, घरच्या शुद्ध मधातसुद्धा. आपल्याकडे बारशाच्या आधीच सोन्याचं वळं मधात बुडवून बाळाच्या जिभेला लावतात. सोनं लावा हवं तर, स्वच्छ धुऊन. मध मात्र बाळ वर्षाचं होईपर्यंत नको, आजी रुसली तरी चालेल.