वेळेचं बिल कोण भरतं?

विद्यार्थीसंख्या : १.

इंग्लंडमधल्या नॉर्विच शहरात युनिव्हर्सिटी ऑफ ईस्ट अँग्लिया आहे. तिथे १९७० साली माल्कम ब्रॅडबरी आणि अँगस विल्सन या दोन कादंबरीकारांनी एम.ए.च्या विद्यार्थ्यांना एक मुभा दिली. प्रबंधाच्या काही भागाऐवजी स्वतःच्या कथा सादर केल्या तरी चालतील. ती घ्यायला एकच मुलगा पुढे आला, इयन मॅक्युअन. त्या वर्षातल्या काही कथा त्याच्या १९७५च्या पहिल्या संग्रहात आल्या आणि १९९८ मध्ये त्याला बुकर मिळालं. याच अभ्यासक्रमातून काझुओ इशिगुरो (बुकर १९८९, नोबेल २०१७) आणि ॲन एनराइट (बुकर २००७) बाहेर पडले.

जाहिरातीला याहून चांगले आकडे मिळायचे नाहीत. सर्जनशील लेखनात पदव्युत्तर पदवी घ्यायला निघालेल्या प्रत्येकाच्या डोक्यात हीच तीन-चार नावं असतात. आपल्याकडच्यांच्या डोक्यात आणखी दोन : बोस्टन विद्यापीठात शिकलेल्या झुंपा लाहिरी आणि कोलंबियात शिकलेल्या किरण देसाई. पण पुढचे आकडे या नावांपाशी थांबत नाहीत.

या पदवीचं माहेर अमेरिकेत, आयोवा विद्यापीठात. कविता किंवा कादंबरी पदव्युत्तर प्रबंध म्हणून स्वीकारू, असं त्या विद्यापीठाने १९२२ मध्ये ठरवलं आणि १९३६ मध्ये तिथे 'रायटर्स वर्कशॉप' रीतसर सुरू झालं. १९६७ साली अशा अभ्यासक्रमांची देशव्यापी संघटना स्थापन झाली, तेव्हा तिच्यात १३ अभ्यासक्रम होते. १९७५ मध्ये पदवी देणारे अभ्यासक्रम ७९ झाले आणि २००९च्या सुमारास ८२२. त्यातले ३७ तर थेट पीएच.डी. देणारे. चाळीसेक वर्षांत त्रेसष्ट पट. कादंबऱ्या वाचणारे त्रेसष्ट पट वाढले, असं कोणताही प्रकाशक शपथेवर सांगणार नाही.

मग वाढ झाली कशाने? पहिला धक्का सरकारी पैशाचा होता. १९४४च्या कायद्याने दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाची फी आणि निर्वाहभत्ता अमेरिकी सरकारने उचलला. आयोवात वर्कशॉपचे वर्ग नदीकाठच्या अर्धगोल पत्र्याच्या लष्करी बराकींत भरत आणि समोर बसलेल्यांत हे माजी सैनिक मोठ्या संख्येने असत. दोन वर्षं लिहीत बसायचं आणि घरभाडं सरकारने भरायचं, असा तो मामला. दुसरं कारण विद्यापीठांच्या हिशेबाचं. या अभ्यासक्रमाला प्रयोगशाळा लागत नाही, यंत्रं लागत नाहीत. एक लांब टेबल, डझनभर खुर्च्या आणि एक नाव झालेला लेखक एवढ्यावर भागतं. शिवाय पदवीच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना निबंधलेखन शिकवायला हेच विद्यार्थी कमी पैशांत हाताशी असतात.

टेबलाभोवती होतं काय, तेही मोजून पाहू. पद्धत बहुतेक ठिकाणी एकच आहे. कथा आधी सगळ्यांना वाटायची, सगळ्यांनी घरून वाचून, समासात खुणा करून आणायची आणि वर्गात तिच्यावर बोलायचं. आयोवाची जुनी रीत अशी, की ज्याची कथा त्याने तेवढा वेळ तोंड उघडायचं नाही. समजा वर्गात १२ जण आहेत, सत्र १२ आठवड्यांचं आहे आणि दर आठवड्याला दोन कथा होतात. सत्रात २४ पाळ्या, म्हणजे माणशी दोन. ब्रिटनमधल्या एका वर्षाच्या एम.ए.त अशी दोन सत्रं धरली, तर चार पाळ्या. परदेशी विद्यार्थ्याला तिथली फी साधारण २० हजार पौंडांच्या वर जाते. पौंड ११० रुपयांचा धरला तर २२ लाख. एका पाळीला साडेपाच लाख रुपये, राहणं-खाणं वेगळं.

हा हिशेब थोडा खोडसाळ आहे, कारण तो फक्त वर्गाचा आहे. इशिगुरोंनी नोबेल व्याख्यानात १९७९ सालचं आपलं वर्ष सांगितलं आहे. वय चोवीस. विद्यापीठापासून दहा मैलांवरच्या बक्सटन गावात वरच्या मजल्यावरची एक छोटी खोली. गाडी नाही आणि बस दिवसातून तीनदाच : सकाळी, दुपारी, संध्याकाळी. त्याची अडचण झाली नाही, कारण विद्यापीठात आठवड्याला दोनदाहून जास्त जावं लागतच नसे. राहिलेले पाच दिवस खोलीत लिहायचं. नागासाकीवरची त्यांची पहिली कादंबरी त्या खोलीत सुरू झाली आणि १९८२ मध्ये प्रसिद्ध झाली. फी भरून मिळतात ते हे पाच दिवस. उरलेल्या दोन दिवसांत शिकवलेलं तंत्र एखाद्या पुस्तकातूनही मिळतं, असं माझं मत आहे. तंत्र शिकवणारे अर्थात ते मान्य करणार नाहीत.

स्टॅनफर्ड विद्यापीठाने तर ही गोष्ट उघडच करून टाकली. तिथल्या स्टेग्नर शिष्यवृत्तीवर दर वर्षी पाच कथाकार आणि पाच कवी घेतले जात आणि दोन वर्षांनंतर पदवी वगैरे काही मिळत नसे. विक्रम सेठ अर्थशास्त्राच्या पीएच.डी.साठी स्टॅनफर्डला गेले असताना १९७७-७८ मध्ये ही शिष्यवृत्ती घेऊन कविता लिहीत होते. आपले दिलीप चित्रे १९७५ ते १९७७ आयोवात होते, तेही पदवीसाठी नव्हे. तिथल्या इंटरनॅशनल रायटिंग प्रोग्रॅमचे फेलो म्हणून.

म्हणून खरा प्रश्न या वेळेचं बिल कोण भरतं हा आहे, कारण नंतर लेखनातून ते फिटण्याची शक्यता फार कमी. ब्रिटनमध्ये कामाचा निम्म्याहून अधिक वेळ लेखनाला देणाऱ्यांचं मध्यम वार्षिक उत्पन्न २००६ मध्ये १२,३३० पौंड होतं. २०१८ मध्ये १०,४९७ आणि २०२२ मध्ये ७,०००. केवळ लेखनावर जगणारे त्याच काळात ४० टक्क्यांवरून १९ टक्क्यांवर आले. अमेरिकेत २०१७ साली सर्व लेखकांचं मध्यम उत्पन्न ६,०८० डॉलर होतं. आता कर्जाची बाजू. कोलंबिया विद्यापीठाच्या चित्रपट विभागातून एमएफए (मास्टर ऑफ फाइन आर्ट्स) झालेल्या कर्जदारांवर मध्यम कर्ज १,८१,००० डॉलर होतं आणि पदवीनंतर दोन वर्षांनी त्यातल्या निम्म्यांची कमाई वर्षाला ३०,००० डॉलरच्या खाली होती, हे २०२१ मध्ये 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने दाखवून दिलं. ते चित्रपटाचे विद्यार्थी, पण लेखनाचं एमएफए त्याच स्कूल ऑफ द आर्ट्समध्ये दिलं जातं.

मराठीत लिहिणाऱ्याने तर ही बेरीज करूच नये. तीनशे रुपयांचं पुस्तक, दहा टक्के मानधन, हजाराची आवृत्ती : हाती तीस हजार. ब्रिटनची नुसती फी फेडायला ७४ आवृत्त्या लागतील. त्यात मराठीत हजाराची आवृत्ती संपायला किती वर्षं जातात, ते प्रकाशकाच्या गोदामात जाऊन पाहावं. आपल्याकडे कथेवर कठोर वाचकाची नजर फुकट मिळायची सोय बराच काळ होती. 'सत्यकथे'त श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन कथा बारकाईने वाचून सूचनांसह परत पाठवत आणि लेखक पुन्हा लिहीत. १९८२ मध्ये मासिक बंद पडलं. ते काम करणारं दुसरं ठिकाण मराठीत नीटसं उभं राहिलं नाही. मल्याळममध्ये तिरूरच्या विद्यापीठाने साहित्यरचनेचं एम.ए. सुरू केलं, रिद्धपूरच्या मराठी भाषा विद्यापीठाने तिकडे एकदा पाहून यायला हरकत नाही.

तरीही जायचंच असेल, तर पूर्ण खर्च उचलणाऱ्या जागाच बघाव्यात. टेक्सासचं मिचनर सेंटर तीन वर्षांचा खर्च देतं, पण वर्षाला घेतं बाराच्या आसपास. आयोवात दर वर्षी कथेला साधारण पंचवीस आणि कवितेला तेवढेच. निवड गुणपत्रिकेवर कमी आणि सोबत जोडलेल्या वीस-तीस पानांवर जास्त ठरते. प्रवेशाचं पत्र आलं तर त्यात चार गोष्टी शोधाव्यात : फी पूर्ण माफ आहे का, भत्ता नऊ महिन्यांचा की बारा, आरोग्यविमा कोण भरणार आणि बदल्यात किती वर्ग शिकवायचे. अमेरिकेच्या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांहून अधिक काम करता येत नाही आणि तेही सहसा विद्यापीठाच्या आवारातच, त्यामुळे भत्त्यात तूट असेल तर ती बाहेरच्या नोकरीने भरून निघणार नाही. पदवीनंतर काम करायला कॉम्प्युटर शिकलेल्या चुलतभावाला ३६ महिने मिळतात. कादंबरी लिहून पदवी घेतलेल्याला १२.