फिरता प्रशिक्षक आणि स्थानिक पायाभरणी : चंद्रकांत पंडित यांच्या कारकिर्दीच्या संदर्भात

क्रीडा प्रशिक्षक हा संघाचा कायमचा घटक, की ठरावीक काळासाठी आलेला जाणकार, हा प्रश्न जुना आहे. बुडापेस्ट येथे १८९९ साली जन्मलेले फुटबॉल प्रशिक्षक बेला गुटमन यांनी हंगेरी, इटली, ब्राझील, पोर्तुगाल अशा अनेक देशांतील संघांना मार्गदर्शन केले. लिस्बनच्या बेनफिका संघाला १९६१ व १९६२ असे सलग दोन वेळा युरोपियन चषक मिळवून देऊन ते बाहेर पडले. प्रशिक्षकाला तिसरे वर्ष घातक ठरते, असे त्यांचे मत होते. महाराष्ट्रात अशा कारकिर्दीचे ठळक उदाहरण म्हणजे चंद्रकांत पंडित होत.

रमाकांत आचरेकर यांचे शिष्य असलेले पंडित यष्टिरक्षक-फलंदाज म्हणून ५ कसोटी व ३६ एकदिवसीय सामने खेळले. प्रशिक्षक या नात्याने त्यांनी मुंबईला २००२-०३, २००३-०४ व २०१५-१६ मध्ये रणजी करंडक मिळवून दिला. जानेवारी २०१७ मध्ये अंतिम सामन्यात गुजरातने मुंबईला हरविले आणि त्याच वर्षी पंडित नागपुरास आले.

वर्ध्यासह अकरा जिल्ह्यांचे प्रतिनिधित्व करणारा विदर्भ संघ १९५७-५८ पासून रणजी स्पर्धेत होता. परंतु साठ वर्षांत त्याने एकदाही अंतिम फेरी गाठली नव्हती. पंडितांची शिस्त कठोर होती. तथापि सारे श्रेय एकट्या शिस्तीला देणे एकांगी ठरेल. जामठ्याचे मैदान, संघटनेची अकादमी आणि वसीम जाफर, गणेश सतीश यांसारखे बाहेरून आलेले अनुभवी फलंदाज ही जमीन आधीच नांगरलेली होती. कोलकात्यातील उपांत्य सामन्यात विदर्भाने कर्नाटकवर अवघ्या ५ धावांनी मात केली. दुसऱ्या डावात ७ बळी घेणारा रजनीश गुरबानी हा अभियांत्रिकीचा पदवीधर, हेही विसरू नये. इंदूरच्या अंतिम सामन्यात त्याने दिल्लीविरुद्ध हॅट्‌ट्रिक साधली, यष्टिरक्षक अक्षय वाडकरने १३३ धावा केल्या आणि १ जानेवारी २०१८ रोजी फैज फजलच्या संघाने करंडक उंचावला. पुढील हंगामात सौराष्ट्राला नमवून विदर्भाने तो राखला. तिसऱ्या हंगामात मात्र बाद फेरीही हुकली. गुटमन यांचे मत येथे आठवल्यावाचून राहत नाही.

२०२० मध्ये पंडित मध्य प्रदेशाकडे गेले. याच राज्याचे कर्णधार असताना १९९८-९९ चा अंतिम सामना ते बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानावर हरले होते. जून २०२२ मध्ये त्याच मैदानावर मध्य प्रदेशाने मुंबईला नमवून आपला पहिला रणजी करंडक जिंकला. पुढे कोलकाता नाइट रायडर्सने त्यांच्या कार्यकाळात २०२४ चे आयपीएल विजेतेपद पटकावले. मात्र तेथे त्यांच्या कडक पद्धतीवर टीकाही झाली. विविध देशांतील व्यावसायिक खेळाडूंना रणजी संघाची शिस्त जशीच्या तशी लागू करता येत नाही, असे यावरून दिसते. २०२५ मध्ये त्यांनी ते पद सोडले.

पंडित गेल्यानंतर विदर्भ पुन्हा मागे पडेल, ही शंका रास्त होती. २०२३-२४ मध्ये संघ अंतिम फेरीत मुंबईकडून हरला. २०२४-२५ मध्ये त्याने नागपुरात केरळविरुद्ध पहिल्या डावातील आघाडीच्या बळावर तिसरा करंडक मिळविला. त्या वेळी प्रशिक्षक होते विदर्भाचेच माजी खेळाडू उस्मान गनी, तर कर्णधार होता इंदूरचा शतकवीर अक्षय वाडकर.