गाण्यांचं बिऱ्हाड

घरातलं डिजिटल कपाट : लेखांक 6

मागच्या आठवड्यात नॅस, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडून फाइली साठवणारी पेटी, घरी आली, तिच्यात दोन डिस्क बसल्या आणि राउटरला लॅन केबल जोडून झाली. आता गाणी हलवायची. ती आज विखुरलेली आहेत: काही लॅपटॉपवर, काही जुन्या पेन ड्राइव्हवर नि जुन्या डिस्कवर, उरलेली माळ्यावरच्या सीडींच्या गठ्ठ्यात.

मीरा-भाईंदरमध्ये बिऱ्हाड हलवण्याचं कौतुक कोणाला सांगायचं? गिरगाव-लालबागच्या चाळी सोडून कित्येक मराठी कुटुंबं इथं आली ती टेम्पोत खोकी भरूनच. ज्यांनी खोक्यांवर आतल्या सामानाची नावं लिहिली होती, त्यांना पहिल्याच रात्री चहाचं पातेलं सापडलं. गाण्यांच्या बाबतीतही नेमकं हेच होतं. आवाज वाटेत सहसा बिघडत नाही. घोळ होतो तो नावांचा.

सुरुवात सीडींपासून करावी, कारण भाईंदरची मिठागरं, वसईची खाडी आणि चार महिन्यांचा पावसाळा यांच्या मधोमध त्या पडून आहेत. दमट हवेत चकतीच्या आतला अॅल्युमिनियमचा पातळ थर खराब व्हायला लागला की गाणं अडखळतं. सीडीवर प्रत्येक चॅनेलसाठी सेकंदाला 44,100 नमुने असतात, प्रत्येकी 16 बिटांचे. म्हणजे स्टिरिओच्या एका मिनिटाला साधारण 10 एमबी. 2001 साली आलेल्या फ्लॅक या प्रकारात तोच आवाज एक कणही न गाळता जवळपास निम्म्या जागेत मावतो. सरासरी तासाभराच्या दोनशे सीडी धरल्या, तर सगळा ऐवज 70 जीबीच्या आसपास जातो. गिगाबिट लॅन केबलवरून सेकंदाला 100 एमबी मिळाले, तर तो पाव तासात नॅसवर पोचतो. वायफायवर सेकंदाला 10 एमबीच मिळत असतील, तर दोन तास लागतात. तेव्हा त्या दिवसापुरती केबल ओढावी.

आता नावं. या लेखाच्या शीर्षकातलाच ‘बिऱ्हाड’ हा शब्द घ्या. डोळ्यांना तीन अक्षरं दिसतात. संगणक मात्र सात चिन्हं मोजतो: ब, इकार, ऱ, हलन्त, ह, काना, ड. युनिकोडमध्ये हा ‘ऱ’ दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, सबंध ‘ऱ’; दुसरी, साधा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता. मॅकची जुनी फाइल व्यवस्था अशी अक्षरं फोडून साठवत असे, तर विंडोजवर मराठी टाइप करताना सहसा सबंध अक्षरच पडतं. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखी दिसतात, पण बहुतेक नॅसच्या पोटात असलेलं लिनक्स त्यांना दोन वेगळी नावं समजतं. मग ‘वारा’ बिनबोभाट सापडतो आणि ‘वाऱ्यावर’ नावाचं गाणं यादीत दोनदा दिसतं, किंवा दिसूनही वाजत नाही. आरसिंक हा कॉपी करणारा प्रोग्रॅम वापरणाऱ्यांसाठी यावर उपाय आहे: त्याच्या आयकॉन्व्ह या पर्यायानं कॉपी करतानाच नावं एकसारखी करून घेता येतात.

लांबीचीही मर्यादा आहे. लिनक्सवर फाइलचं नाव साधारणपणे 255 बाइटांपर्यंत चालतं. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, अगदी काना आणि अनुस्वारसुद्धा, 3 बाइट घेतं. म्हणजे चिन्हं फक्त 85. गाण्याचा मुखडा, गायक, गीतकार, संगीतकार, चित्रपट आणि साल असं सगळं नावातच कोंबलेल्या फाइली इथं अडतात. ही माहिती फाइलच्या आतल्या टॅगमध्ये भरावी; फाइलच्या नावात क्रमांक आणि मुखडा पुरे.

क्रमांकाचं महत्त्व ‘गीतरामायण’ शिकवतं. 1955 च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेली ही 56 गीतं ग. दि. माडगूळकरांनी कथेच्या क्रमानं लिहिली. त्यातलं पहिलं गीत ‘स’नं सुरू होतं आणि शेवटचं ‘ग’नं. फाइली अकारविल्हे लागल्या की अखेरचं गीत पहिल्याच्या आधी वाजतं. म्हणून 01, 02 असे दोन आकडी क्रमांक द्यावेत. नुसते 1, 2 दिले तर काही प्लेअर 1 नंतर थेट 10 वर उडी मारतात. आकाशवाणीच्या मालिकेत गायक अनेक होते, पुढे सुधीर फडक्यांच्या एकट्याच्या आवाजातही सगळी गीतं ध्वनिमुद्रित झाली. ‘अल्बम आर्टिस्ट’ हा रकाना रिकामा राहिला, तर पहिल्या संचाचे गायकागणिक तुकडे पडतात.

नीट नोंद म्हणजे काय, हे पाहायचं तर जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या पुढाकारानं खेड्यापाड्यांतून गोळा झालेल्या एक लाखाहून अधिक ओव्या आज ‘पारी’ या ग्रामीण भारताला वाहिलेल्या संकेतस्थळाच्या डिजिटल संग्रहात आहेत. तिथं ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव सांगितलेलं असतं. घरच्या संग्रहात मात्र ‘भीमसेन जोशी’, ‘पं. भीमसेन जोशी’ आणि ‘जोशी भीमसेन’ असे तीन गायक सुखानं नांदत असतात.

तेव्हा क्रम असा ठेवावा. आधी लॅपटॉपवरच एमपीथ्रीटॅग किंवा म्युझिकब्रेन्झ पिकार्डमध्ये नावं एकसारखी करावीत. मग कॉपी करावी. ‘कट’ करून ‘पेस्ट’ नको, कारण मध्येच वीज गेली तर काय गेलं आणि काय राहिलं याचा पत्ता लागत नाही. कॉपीनंतर पडताळणी: टेराकॉपीसारखा प्रोग्रॅम दोन्हीकडच्या फाइली ताडून पाहतो. फ्लॅक फाइलच्या पोटात तर मूळ आवाजाचा ठसाच नोंदलेला असतो, त्यामुळे ती वर्षांनंतरही तपासता येते. प्लेलिस्टही उघडून पाहाव्यात. त्यांत ‘डी ड्राइव्ह’चा जुना पत्ता लिहिलेला असेल, तर त्या मुक्या होतात.

एवढं झाल्यावरही जुनी डिस्क पुसू नये. नॅसमधल्या दोन डिस्क एकमेकींची नक्कल ठेवतात, पण चुकून पुसलेलं गाणं दोन्हींवरून एकदमच जातं. म्हणून जुनी डिस्क पिशवीत घालून डोंबिवलीच्या मावशीकडे ठेवायला द्यावी.

येत्या रविवारपर्यंत वाचकांनी एवढंच करावं: आवडत्या एका गायकाचं नाव आपल्या संग्रहात किती तऱ्हांनी लिहिलं गेलंय ते मोजावं आणि त्यातली एकच तऱ्हा कायम करावी. भाईंदरहून चर्चगेट लोकलमध्ये बसल्या बसल्या घरच्या नॅसवरची गाणी फोनवर कशी ऐकायची, ते पुढच्या लेखांकात.