फोन आपला, तर हुकूमही आपला हवा

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. संध्याकाळची वेळ होती आणि गोदामाच्या दारात ट्रक भरून उभा होता. ग्रे कापडाच्या गाठी राजस्थानात बालोतऱ्याला जायच्या होत्या. बिल तयार, बिल्टी तयार; राहिले होते फक्त ई-वे बिल. परराज्यात जाणारा ५० हजार रुपयांवरचा माल ई-वे बिलाशिवाय रस्त्यावर आणता येत नाही, हे आपण जाणताच. १ एप्रिल २०२५ पासून त्या पोर्टलवर पासवर्डनंतर ओटीपीही द्यावा लागतो. मुनीमजींनी पासवर्ड टाकला. ओटीपी माझ्या फोनवर यायचा होता, तो काही येईना.

फोन दोनदा बंद करून सुरू केला. सिम काढून पुसले आणि परत बसवले. मोबाईल कंपनीला मनसोक्त नावे ठेवून झाली. रस्त्यावर आलो की नेटवर्कच्या पट्ट्या दिसत आणि गोदामात शिरलो की गायब होत. दीड तास असाच गेला. शेवटी मी फोन घेऊन रस्त्यावर उभा राहिलो, ओटीपी येताच चिठ्ठीवर लिहिला आणि कामाच्या पोराला चिठ्ठी देऊन आत पळवले. जो आकडा कोणालाही सांगू नये असे बँक रोज बजावते, तो असा भर रस्त्यातून धावत गेला! ट्रकवाल्याने हॉल्टिंगचे पैसे लावले ते वेगळेच.

रात्री भाच्याने फोन पाहिला आणि हसला. म्हणाला, "मामू, फोन खराब नाही. याला फक्त फाइव्ह-जीच पकड असे कोणीतरी सांगून ठेवले आहे." ते 'कोणीतरी' म्हणजे आमच्या घरातला धाकटा. क्रिकेटचा सामना अडखळू नये म्हणून त्याने फोनच्या आतली सेटिंग बदलली होती.

त्या दिवसापासून मी फोनच्या सेटिंग्ज समजून घ्यायला लागलो. जे उमगले ते आपल्या व्यापारी आणि कारागीर बांधवांसाठी लिहीत आहे. मुद्दा एकच. कोणते नेटवर्क धरायचे, कोणते ॲप झोपवायचे, कोणता संदेश उशिरा दाखवायचा, हे निर्णय फोन दिवसभर स्वतःच घेत असतो. हे निर्णय आपण हातात घेतले नाहीत तर फोन घेतो, घरातली मुले घेतात, नाहीतर एखादा ठग घेतो.

एक सूचना आधीच देतो. अँड्रॉईड गुगलचे असले तरी सॅमसंग, शाओमी, विवो, ओप्पो अशी प्रत्येक कंपनी त्याला आपला साज चढवते. त्यामुळे एकच सेटिंग वेगवेगळ्या फोनमध्ये वेगवेगळ्या ठिकाणी सापडते. सेटिंग्ज उघडल्यावर वर शोधण्याची जागा असते, तिथे खाली दिलेला शब्द लिहावा. रस्ता शोधत बसावे लागत नाही.

नेटवर्क कोणते धरावे?

सेटिंग्जमध्ये सिमच्या खाली 'प्रिफर्ड नेटवर्क टाइप' किंवा 'नेटवर्क मोड' नावाची जागा असते. तिथे ५-जी, ४-जी, ३-जी, २-जी असे पर्याय दिसतात. पुष्कळांना वाटते की मोठा आकडा तेवढा चांगला. हिशोब इतका सरळ नाही.

आपल्या देशात ५-जी ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाले. त्याच्या लहरी मोठ्या प्रमाणावर ३३०० मेगाहर्ट्झच्या वरच्या पट्ट्यात चालतात. लहर जितकी वरच्या पट्ट्यातली तितकी ती जास्त माल वाहून नेते, पण जाड भिंत आणि पत्रा भेदताना थकते. आमचे गोदाम तर दगडी भिंतीचे आणि पत्र्याच्या छपराचे. शिवाय फोनवरचे बोलणे बहुतांशी ४-जीवरूनच जाते. मग ज्या फोनला 'फक्त ५-जी' असे सांगितले आहे त्याला गोदामात ५-जी मिळत नाही आणि ४-जीकडे जाण्याची परवानगी नाही. तो बिचारा मुका होऊन बसतो.

म्हणून साधा नियम असा. रोजच्या वापरासाठी '५-जी/४-जी/३-जी/२-जी ऑटो' हाच पर्याय ठेवावा. ज्यांच्या दुकानात ५-जी येते-जाते, फोन तापतो आणि बॅटरी दुपारीच संपते, त्यांनी ४-जीपासून सुरू होणारा ऑटो पर्याय निवडावा. फोनची धावपळ थांबते. *#*#४६३६#*#* असा क्रमांक दाबून उघडणारा छुपा मेनू आणि 'फोर्स ५-जी'सारखी ॲप्स यांच्यापासून दूर राहावे. जिओचे ग्राहक असाल तर '३-जी' किंवा '२-जी'वर फोन कधीही टाकू नका. या कंपनीने सप्टेंबर २०१६ मध्ये सुरुवातच ४-जीने केली. तिचे २-जी, ३-जी नाहीच.

गोदामात सिग्नल येत नाही पण ब्रॉडबँड आहे, अशांसाठी 'वाय-फाय कॉलिंग' ही मोठी सोय आहे. एअरटेल आणि जिओने ती २०१९-२० च्या सुमारास आणली. एकदा सुरू केली की बोलणे वाय-फायवरून जाते. तिचे वेगळे पैसे लागत नाहीत.

दोन सिमचा घोळ

आपल्यातल्या बहुतेकांकडे दोन सिमचे फोन आहेत. एक नंबर व्यापाराचा, एक घरचा. सेटिंग्जमध्ये बोलण्यासाठी, एसएमएससाठी आणि इंटरनेटसाठी कोणते सिम, हे तीन वेगवेगळे प्रश्न आहेत. तिन्हींचे उत्तर आपण स्वतः द्यावे. पैसे देण्या-घेण्याचे ॲप नव्या फोनवर सुरू करताना ते बँकेत नोंदलेल्या सिमवरूनच एक एसएमएस पाठवते. त्या सिमचा रिचार्ज संपला असेल किंवा एसएमएस दुसऱ्या सिमवरून गेला असेल, तर नोंदणी होत नाही आणि आपण बँकेच्या चकरा मारतो.

आणखी एक गोष्ट. एका सिमवर बोलणे चालू असताना पुष्कळ फोनमध्ये दुसऱ्या सिमचे इंटरनेट बंद पडते. गिऱ्हाईक समोर पैसे पाठवत असते, आपण दलालाशी बोलत असतो आणि पैसे आल्याची खबर येत नाही. त्यासाठी 'डेटा ड्युरिंग कॉल्स' नावाची सेटिंग शोधून सुरू करावी.

फोनची झोप

२०१५ मध्ये आलेल्या अँड्रॉईड ६ पासून फोनला झोपायची सवय लावली आहे. पडद्याला बराच वेळ हात लावला नाही की तो मागची कामे थांबवतो. २०१८ च्या अँड्रॉईड ९ पासून आपण कमी वापरतो ती ॲप्स तो आणखी खोल झोपवतो. बॅटरी वाचते, पण पैसे जमा झाल्याची खबर अर्ध्या तासाने येते आणि तोवर गिऱ्हाईकाशी वाद होऊन जातो.

उपाय असा. सेटिंग्जमध्ये 'ॲप्स', त्यात ते ॲप, त्यात 'बॅटरी' उघडावे आणि 'अनरिस्ट्रिक्टेड' हा पर्याय निवडावा. काही कंपन्यांच्या फोनमध्ये 'ऑटो स्टार्ट'ही वेगळे सुरू करावे लागते. हे फक्त चार-पाच कामाच्या ॲप्ससाठी करावे: व्हॉट्सॲप, एसएमएस, पैशांचे ॲप, बँकेचे ॲप. सगळ्यांनाच जागे ठेवले तर संध्याकाळी फोन बंद पडेल. आणि खबर येवो न येवो, खात्यात रक्कम जमा दिसल्याशिवाय माल उचलू देऊ नये. समोरच्याच्या फोनवरचे चित्र म्हणजे पावती नव्हे.

डेटा आणि डिझाईनचे फोटो

दिवसाचा डेटा दुपारीच का संपतो? व्हॉट्सॲपच्या गटांतले व्हिडिओ आपोआप उतरतात म्हणून. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज अँड डेटा' उघडावे. मोबाईल डेटावर आपोआप उतरणाऱ्या फोटो, ऑडिओ, व्हिडिओ, कागदपत्रे या चारही खुणा काढून टाकाव्यात. जे हवे ते बोट लावून उतरवता येते.

कापडवाल्यांनी एवढे लक्षात ठेवावे की साध्या फोटोत व्हॉट्सॲप चित्र दाबून लहान करते. त्यात बारीक नक्षी पुसट होते आणि मग 'दाखवले एक, पाठवले दुसरे' असा झगडा उभा राहतो. डिझाईन नेहमी 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावे. चित्र जसेच्या तसे जाते.

फोनकडून चाकरी

आता फोनला कामे सोपवण्याबद्दल. यालाच ऑटोमेशन म्हणतात. 'असे झाले तर असे कर' इतकाच त्याचा अर्थ.

सुरुवात 'डू नॉट डिस्टर्ब'पासून करावी. रात्री ११ ते पहाटे ५ फोन गप्प, पण घरच्या चार नंबरांना मुभा. 'रिपीट कॉलर्स' सुरू ठेवले तर एकाच माणसाने १५ मिनिटांत दुसऱ्यांदा फोन केल्यास घंटी वाजते. कारखान्यात आग लागली किंवा घरी कोणी आजारी पडले तर खबर अडत नाही. जुम्माच्या नमाजासाठीही असेच वेळापत्रक लावता येते, कारण मशिदीतली ती वेळ सहसा ठरलेली असते. मगरिबची वेळ मात्र सूर्याबरोबर सरकते. तिथे वेळेचा नियम चुकतो, जागेचा नियम चालतो. सॅमसंगच्या 'मोड्स अँड रूटीन्स'मध्ये 'या जागी आलो की आवाज बंद, निघालो की चालू' असा हुकूम देता येतो. 'मॅक्रोड्रॉइड' आणि 'टास्कर' ही ॲप्स इतर फोनमध्येही असे काम करतात.

छोट्या दुकानदाराला व्हॉट्सॲप बिझनेसचा 'अवे मेसेज' पुरेसा आहे. दुकान बंद असताना कोणी भाव विचारला तर 'सकाळी १० वाजता उत्तर देऊ' असा निरोप आपोआप जातो आणि गिऱ्हाईक दुसरीकडे वळत नाही.

नियम लावताना दोन हुकूम एकमेकांना आडवे येत नाहीत ना, हे पाहावे. बॅटरी २० टक्के झाली की 'पॉवर सेव्हिंग' आपोआप सुरू कर, असा हुकूम दिला की तेच सेव्हिंग पैशांच्या ॲपची खबर अडवते. दुकानात चार्जर ठेवावा, तो नियम प्रवासासाठी राखावा.

किल्ली कोणाच्या हातात?

ऑटोमेशनची काही कामे 'ॲक्सेसिबिलिटी' नावाची परवानगी मागतात. ही सोय मुळात अंध आणि अपंग बांधवांसाठी आहे. ज्या ॲपला ती मिळते ते पडद्यावरचे वाचू शकते आणि आपल्या वतीने बटणे दाबू शकते. म्हणजे ही तिजोरीची किल्लीच. लग्नपत्रिका किंवा वाहनाचे चलान म्हणून व्हॉट्सॲपवर येणाऱ्या एपीके फायली हीच किल्ली किंवा एसएमएस वाचण्याची परवानगी मागतात आणि ओटीपी परस्पर पळवतात. अँड्रॉईड १३ पासून प्ले स्टोअरबाहेरून आलेल्या ॲपला ही परवानगी सहज मिळत नाही. म्हणून ठग फोनवर गोड बोलून आपल्याच बोटांनी तो अडसर काढायला लावतो. सेटिंग्जमध्ये 'ॲक्सेसिबिलिटी' उघडून कोणाकोणाला किल्ली दिली आहे ते आजच पाहावे. अनोळखी नाव दिसले तर बंद करावे आणि ते ॲप काढून टाकावे.

तसेच कॉल फॉरवर्डिंगचे. कोणी '*४०१* लावून अमुक नंबर दाबा' म्हणाला की समजावे, आपले फोन दुसरीकडे वळवण्याचा डाव आहे. हा प्रकार वाढला म्हणून दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून अशा कोडने फॉरवर्डिंग बंद करण्याचे आदेश कंपन्यांना दिले. तरीही फोनच्या कॉल सेटिंग्जमध्ये 'कॉल फॉरवर्डिंग' उघडून कोणता परका नंबर नाही ना, ते पाहावे. फसवणूक झालीच तर लाजत बसू नये. १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार करावी. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

ट्रक पुन्हा अडू नये म्हणून

ई-वे बिलाचा ओटीपी एसएमएसनेच यावा असे बंधन नाही. त्या पोर्टलवरून 'एनआयसी-जीएसटी-शील्ड' नावाचे ॲप घेता येते. ते फोनमध्येच ओटीपी तयार करते, दर ३० सेकंदांनी बदलते, आणि त्यासाठी नेटवर्क लागत नाही. अट एकच, फोनची घड्याळाची वेळ अचूक हवी. म्हणून सेटिंग्जमध्ये तारीख आणि वेळ 'ऑटोमॅटिक' ठेवावी. हे त्या संध्याकाळी माहीत असते तर माझी ती पळापळ वाचली असती.

शेवटी एक काम सांगतो. ज्या वहीत उधारी लिहितो तिच्या मागच्या पानावर आपल्या फोनच्या सेटिंग्ज लिहून ठेवा: नेटवर्क कोणते, डेटा कोणत्या सिमवर, कोणती ॲप्स जागी, कोणते नियम लावले. फोन बदलला, हरवला किंवा मुलांनी हात लावला तर पाच मिनिटांत सारे पूर्ववत होते. आणि दुकानाचा फोन मुलांच्या हाती देऊच नका. मी आमच्या धाकट्याला रागावलो नाही. त्यालाच समोर बसवले आणि ते पान त्याच्याकडूनच लिहून घेतले.