देवापुढे हसलं तर चालतं का?

आज कर्जाचे हप्ते आणि जमाखर्च बाजूला ठेवू. आज देवाबद्दल बोलायचं आहे, आणि तेही थोडं हसत.

मी ख्रिस्ती आहे हे तुमच्यातल्या बऱ्याच जणींना ठाऊक आहे. आमच्या नगर जिल्ह्यात ते काही नवलाचं नाही. नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ साली सुरू झालं. इतक्या वर्षांत आमच्या नाताळात करंज्या-शंकरपाळ्या आल्या, मंगळसूत्रात क्रूस आला, टाळ-मृदंग घेऊन ख्रिस्ती कीर्तनं झाली. तरी गटाच्या बैठकीत सह्या-अंगठे झाले आणि चहा आला, की कुणीतरी हळूच सुरुवात करतंच, "ताई, राग नका मानू, पण एक विचारू का?"

राग कशाचा? प्रश्न साधारण ठरलेले असतात. तुमच्या देवाला मराठी येतं का? देव तीन की एक? डोळे मिटून एवढा वेळ काय मागता? आणि सगळ्यांत हळू आवाजातला, "ख्रिस्ती झाल्यावर किती पैसे मिळतात हो?"

या शेवटच्या प्रश्नाला एका गटातल्या ख्रिस्ती आजींनी दिलेलं उत्तर ऐका. म्हणाल्या, "मिळाले असते तर शेळीसाठी तुझ्याच गटातून कर्ज काढलं असतं का गं? वर व्याज भरलं असतं का?" सगळ्या हसल्या, विचारणारी सगळ्यांत जास्त. हसून झाल्यावर ती आजींच्या जवळ सरकली आणि मग खरी चौकशी सुरू झाली. तुमच्या घरात आधी कोण ख्रिस्ती झालं, का झालं? आजींनीही काही लपवलं नाही. दुष्काळात मिशननं धान्य दिलं, पोरांना शाळेत घातलं, हे खरंच आहे म्हणाल्या. "पण धान्य त्याच वर्षी संपलं. देव अजून सोडला नाही." आजी चिडल्या असत्या तर हे बोलणं झालंच नसतं. दोघी पुन्हा शेजारी बसल्या नसत्या, आणि मला तो गट सांभाळणं जड गेलं असतं.

तर विनोद अशा वेळी दार किलकिलं करतो. एक पथ्य मात्र पाळायचं. हसायचं ते आपल्या देवाशी, आपल्या माणसांवर. शेजारणीच्या देवाला हसायचं नाही. आपल्याकडे ही रीत जुनी आहे. जनाबाई विठोबाशी भांडते, त्याला अरे-तुरे करते, आणि कुणाला त्यात पाप वाटत नाही. नाथांच्या भारुडांत तर हसता हसता अध्यात्म सांगून होतं. मग ख्रिस्ती माणसानं तेवढं तोंड गंभीर करून का बसावं? बायबलातही हसण्याच्या जागा पुष्कळ आहेत. देवळात त्या मोठ्या गंभीर आवाजात वाचतात म्हणून लक्षात येत नाहीत, इतकंच.

सारेची गोष्ट घ्या. अब्राहाम आणि सारा, दोघं पार म्हातारे. मूलबाळ नाही. भर उन्हाच्या वेळी तीन पाहुणे येतात. अब्राहाम धावतपळत सामोरा जातो, आणि मग तंबूत शिरून बायकोला सांगतो, लवकर पीठ मळ, भाकरी कर. (पाहुणे त्यानं थांबवून घेतले, भाकरी तिनं भाजायच्या. हे काही तुम्हाला समजावून सांगायला नको.) जेवण झाल्यावर पाहुणा म्हणतो की पुढच्या वर्षी सारेला मुलगा होईल. सारा दाराआड उभी राहून ऐकत असते. ती मनातल्या मनात हसते. हे वय झालं, नवरा हा असा, आता कसलं मूल? देव लगेच विचारतो, सारा का हसली? ती घाबरून म्हणते, मी नाही हसले. देव म्हणतो, हसलीस.

एवढंच. शाप नाही, शिक्षा नाही. मुलगा झालाच, आणि त्याचं नाव ठेवलं इसहाक. त्या नावाचा अर्थच 'तो हसतो' असा आहे. म्हणजे देवावर ज्या हसण्यानं शंका घेतली, तेच हसणं मुलाचं नाव होऊन आयुष्यभर घरात राहिलं. आणखी एक गंमत आहे. याच्या एक अध्याय आधी हीच बातमी ऐकून अब्राहामही हसला होता, चांगला पालथा पडून. त्याला कुणी विचारलं नाही, तू का हसलास म्हणून. आमच्या गटात हे सांगितलं तेव्हा एक काकी म्हणाल्या, "बघा, तिथंही जाब सुनेलाच!"

दुसरा नेहमीचा प्रश्न म्हणजे प्रार्थना केली की खरंच काही होतं का? याचं उत्तर मी रुदा नावाच्या मुलीवर सोपवते. पेत्र तुरुंगात होता. एका घरात त्याच्यासाठी सगळे जमून कळकळीनं प्रार्थना करत होते. इकडे देवदूतानं त्याला तुरुंगातून सोडवलं, आणि तो रात्री त्याच घराचं दार ठोठावायला लागला. रुदा दाराशी गेली. आवाज ओळखला आणि आनंदाच्या भरात दार न उघडताच आत पळाली, पेत्र आलाय म्हणून सांगायला. आतले प्रार्थना करणारे काय म्हणाले असतील? तुला वेड लागलंय! ज्याच्यासाठी प्रार्थना चालली होती तो बाहेर कडी वाजवतोय, आणि आतल्या भक्तांचा त्यावर विश्वास बसत नाही. मला ही गोष्ट फार दिलासा देते. त्या लोकांची श्रद्धा तुमच्या-माझ्यासारखीच अर्धीमुर्धी होती, आणि तरी पेत्र सुटला. आता, दर वेळी पेत्र सुटतो का? नाही. त्याच अध्यायाच्या सुरुवातीला याकोब मारला गेलेला आहे. त्याच्यासाठी कुणी प्रार्थना केली नसेल, असं मला वाटत नाही.

येशूच्या सांगण्यातही मिश्कीलपणा आहे. दहा नाणी असलेल्या बाईचा दाखला गटातल्या बायकांना चटकन कळतो. एक नाणं हरवतं. ती दिवा लावते, सगळं घर झाडून काढते, नाणं सापडतं, आणि मग शेजारणींना बोलावून आनंद करते. आमच्या गटाच्या सचिवांनी लगेच हिशेब मांडला, "दिव्याचं तेल, वर शेजारणींचा चहापाणी. ताई, ही बाई तोट्यात गेली!" बरोबर आहे, तोट्यातच गेली. येशूला तेच सांगायचं आहे, की चुकलेल्या एका माणसापायी देव असा तोट्याचा व्यवहार करतो. आणि देव कसा, हे सांगताना त्यानं हातात झाडू घेतलेली बाई उभी केली, हे विसरू नका. प्रवचनात मेंढपाळाचं चित्र नेहमी येतं, या बाईचं क्वचित.

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ तर आपण रोजच बोलतो. येशूनंही नेमका तोच विनोद केला आहे. त्याच्या बोलण्यात मुसळाच्या जागी घराची तुळई आहे, सुतारच होता तो. मराठीत बायबल आणणाऱ्यांनी तुळई काढली आणि आपल्या उखळाशेजारचं मुसळ ठेवलं. देवाला मराठी येतं का, या प्रश्नाला मी हेच सांगते की निदान म्हणी तरी येतात.

आता तो तीन की एकचा प्रश्न. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, तिघं मिळून एकच देव. सचिव म्हणतात, "असा हिशेब मी वहीत लिहिला तर बँकवाले हाकलून देतील." एका वहिनीनं सोडवून दाखवायचा प्रयत्न केला. म्हणाली, मी माहेरी लेक, सासरी सून, गटात अध्यक्ष. एकच बाई, तीन नावं. छान वाटतं, पण धर्मशिक्षक याला चूक म्हणतात. कारण लेक आणि सून एकमेकींशी बोलत नाहीत, येशू मात्र पित्याशी बोलतो, त्याला विनवतो. पाणी, बर्फ आणि वाफेचं उदाहरणही असंच कुठेतरी गळतं. खरं सांगायचं तर हे गणित सुटतं म्हणून आम्ही मानत नाही. मानतो, आणि सोडवत बसतो.

यात लाजण्यासारखंही काही नाही. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि त्यानंतरही याच त्रैक्याच्या शिकवणीवर तिथल्या धर्मभगिनींशी पत्रांतून वाद घातला. मला पटेपर्यंत मी मान डोलवणार नाही, असा त्यांचा बाणा. शाकाहार सोडायला तयार नव्हत्या. क्रूसावर लॅटिन अक्षरं होती, तर ती संस्कृत का नकोत, असं विचारलं. तिथल्या बायकांना ही विद्यार्थिनी जड गेली असणार. पण याच बाईंनी पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, दुष्काळातल्या आणि टाकलेल्या किती मुलींना जवळ केलं, आणि अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं. प्रश्न विचारून श्रद्धा जाते म्हणणाऱ्यांनी एकदा केडगावला जाऊन यावं.

आणि हसण्याबद्दल बोलताना लक्ष्मीबाई टिळकांना कसं वगळणार? नवऱ्यानं, म्हणजे कवी नारायण वामन टिळकांनी, १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्यावर आभाळ कोसळलं. काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या. पुढे १९०० साली स्वतः विचार करून त्यांनी बाप्तिस्मा घेतला. एवढं सगळं सोसलेली बाई 'स्मृतिचित्रे' लिहायला बसते, तेव्हा आपल्या सोवळ्याला हसते, नवऱ्याच्या लहरीपणाला हसते, आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणीही आणते. शाळा फारशी न शिकलेल्या बाईचं हे पुस्तक आहे. गावच्या वाचनालयात मिळालं तर गटात मोठ्यानं वाचा, रोज चार पानं. भाषा आपलीच आहे.

पण एक प्रश्न असा आहे जिथं हसू थांबतं. आमच्या एका गटातल्या बाईचा तरणा मुलगा विहिरीत बुडून गेला. भेटायला आलेल्या बायका काय काय बोलून गेल्या! एक म्हणाली, नवस फेडायचा राहिला असेल. दुसरी म्हणाली, ग्रहच फिरले होते. आमच्यातलीच एक म्हणाली, प्रार्थना कमी पडली. महिन्याभरानं ती बाई बैठकीला आली आणि मला तिनं एवढंच विचारलं, "ताई, माझं काय चुकलं?"

तिला मी ईयोबाची गोष्ट सांगितली. सज्जन माणूस, एका दिवसात मुलंबाळं गेली, गुरंढोरं गेली, मग अंगभर गळवं. तीन मित्र भेटायला आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसले, एक शब्द न बोलता. मित्रांचं सगळ्यांत चांगलं काम तेवढंच. आठव्या दिवशी त्यांनी तोंड उघडलं आणि घोटाळा झाला. तुझंच काहीतरी पाप असणार, देव उगाच कुणाला शिक्षा करतो का, असं पानंच्या पानं सांगत राहिले. ईयोब भांडला, ओरडला, देवाला जाब विचारला. शेवटी देव बोलला, पण का झालं हे त्यानं सांगितलंच नाही. रागावला मात्र त्या मित्रांवर, देवाची बाजू घेऊन बोलणाऱ्यांवर. आपल्याबद्दल नीट बोलला तो ईयोब, असं त्यानं बजावलं.

त्या दिवशी ती काही बोलली नाही. दोन-तीन महिन्यांनी पापड लाटताना एकदम म्हणाली, "ताई, देवानं माझ्याकडे धाडलेल्या सगळ्या ईयोबाच्या मैत्रिणीच होत्या बघा. सात मिनिटंसुद्धा कुणाला गप्प बसवलं नाही." आणि हसली. पोलपाटावर पदर टेकवून बराच वेळ हसली, मग रडली, आणि मग पुन्हा लाटायला लागली. आम्हीही लाटत राहिलो. त्या वेळी कुणी काही सांगायला गेलं नाही.

येशू लाजाराच्या कबरीपाशी रडला हे बायबलात लिहिलेलं आहे. तो हसला असं सरळ वाक्य शुभवर्तमानांत कुठेच नाही. आजींना हे पटत नाही. त्या म्हणतात, "ज्याच्याभोवती पोरं जमायची, लग्नाच्या जेवणाला ज्याला बोलावणं यायचं, तो हसला नाही? लिहिणारे सगळे पुरुष होते, त्यांच्या ध्यानात राहिलं नसेल." मी यावर वाद घातला नाही.

पुढच्या वेळी मार्था आणि मरिया या बहिणींबद्दल बोलू. एक स्वयंपाकात, दुसरी येशूच्या पायाशी ऐकत बसलेली. कोणाचं बरोबर, यावर तुमच्या गटात आधीच भांडून घ्या. आणि देवाबद्दलचा कुठलाही प्रश्न, कितीही वेडा वाटला तरी, चिठ्ठीवर लिहून बैठकीच्या डब्यात टाका. नाव लिहायची गरज नाही. धर्म तर मुळीच नको.

येते. नमस्कार.