चढउतारावरील धावणे

चढणीवर अथवा उतरणीवर धावताना शरीराचा ऊर्जाव्यय, स्नायूंचे कार्य व सांध्यांवरील भार ही सपाट भूमीवर धावताना असतात त्याहून भिन्न असतात. महाराष्ट्रात याचे ठळक उदाहरण म्हणजे २०१२ पासून भरणारी सातारा हिल हाफ मॅरेथॉन ही शर्यत होय. सुमारे २१ किमी.च्या या शर्यतीत धावपटू सातारा शहरातून यवतेश्वर घाट चढतात व घाट उतरून परततात. त्यामुळे त्यांना दोन निराळ्या प्रकारचे ताण लागोपाठ सोसावे लागतात.

चढ : चढणीवर प्रत्येक पावलागणिक देहभार वर उचलावा लागतो. पोटरी, मांडी व नितंब यांचे स्नायू आखूड होत बल लावतात. ऑक्सिजनची गरज वाढते, नाडी व श्वसन जलद होतात आणि पावले आखूड पडतात. पाय टेकतानाचा आघात मात्र कमी होतो.

उतार : मिनेत्ती व त्यांच्या सहकाऱ्यांनी डोंगरी शर्यतींत मुरलेल्या धावपटूंवर केलेल्या प्रयोगांत (२००२) सपाटीवर दर किग्रॅ. वजनामागे दर मीटरला सुमारे ३·४ जूल ऊर्जा लागल्याचे आढळले. २० टक्के उतारावर ती जवळजवळ निम्मी झाली. त्याहून तीव्र उतारावर ती पुन्हा वाढली. असे असले, तरी उतरणीवर मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच देहाचा वेग रोखतात. त्यामुळे स्नायुतंतूंना सूक्ष्म इजा होते, रक्तात क्रिएटिन कायनेज या एंझाइमाचे प्रमाण वाढते आणि साधारणपणे २४ ते ७२ तासांत वेदना तीव्र होतात. स्नायूंचे बल काही दिवस घटलेले राहते. ९ अंशांच्या उतारावर पाय टेकतानाचा आघात सपाटीवरील आघाताच्या सुमारे दीडपट असल्याचे आढळले आहे.

प्रशिक्षण : उतरणीवर धाप कमी लागते, म्हणून श्रम कमी झाले असे समजणे चुकीचे ठरते. मीरा-भाईंदरसारख्या खाडीकाठच्या सखल भागात केवळ सपाटीवर सराव केलेल्या धावपटूचे हृदय व फुप्फुसे सक्षम असली, तरी घाटातील उतरणीसाठी त्याचे स्नायू तयार असतीलच असे नाही. उतारावरील एका सरावानेही पुढील काही आठवडे तशा श्रमांपासून होणारी इजा कमी होते. यासाठी शर्यतीपूर्वी काही आठवडे सौम्य उतारावर थोडे थोडे अंतर धावून सराव वाढवितात; शेवटच्या दिवसांत मात्र तो टाळणे हितावह असते. शर्यतीत उतरताना पावले आखूड ठेवल्यास आघात कमी होतो.